स्लॅबवरचा फोम

उष्णता अडवणारा कडक फोमचा बोर्ड म्हणजे मुख्यतः कोंडलेली हवा किंवा वायू. प्लॅस्टिक त्यात अगदी थोडे. बारीक बंद कप्प्यांत सापडलेला वायू हलत नाही आणि स्थिर वायूतून उष्णता फार सावकाश जाते. म्हणूनच ५० मिलिमीटरचा बोर्ड जेवढी उष्णता रोखतो, तेवढी रोखायला सुमारे दोन मीटर जाड काँक्रीट लागेल.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या मालगुंडसारख्या किनारी गावात या बोर्डाची खरी जागा छपरावर आहे. जांभ्याची जाड भिंत उशिरा तापते, शिवाय तिला पडवीची आणि माडांची सावली मिळते. जुन्या घरांत कौलांच्या फटींतून गरम हवा निघून जाई आणि माळा खालची खोली सांभाळी. आरसीसी स्लॅबला यातले काहीच नाही. मे महिन्यात तो दिवसभर तापतो आणि मुरलेली उष्णता रात्री खाली सोडत राहतो. कोकणात स्लॅबवर पत्र्याची शेड उभारतात ती पावसासाठी, पण तिच्या सावलीचाही मोठा उपयोग होतो. शेड चारही बाजूंनी मोकळी असेल तर फोमची निकड बरीच कमी होते.

बाजारात मुख्यतः तीन प्रकार मिळतात. थर्माकोल, म्हणजे ईपीएस, पॉलिस्टायरीनचे मणी वाफेने फुगवून साच्यात चिकटवलेला असतो. तो सर्वांत स्वस्त, पण मण्यांमधल्या फटींत पाणी शिरते. एक्सपीएस हे त्याच रसायनाचे भावंड. वितळलेला माल दाबाने पट्टीसारखा बाहेर काढल्यामुळे त्यात फटी राहत नाहीत. तिसरा पफ, म्हणजे पॉलियुरेथेन. जाडी तेवढीच असताना तो सर्वांत जास्त उष्णता अडवतो. शीतगृहांच्या भिंतींत दोन पत्र्यांमध्ये भरलेला असतो तो बहुधा हाच. तो फुगवण्यासाठी भारतात पूर्वी सर्रास वापरले जाणारे एचसीएफसी-१४१बी ओझोनच्या थराला घातक असल्याने त्याची आयात १ जानेवारी २०२० पासून बंद झाली.

रत्नागिरीच्या किनाऱ्यावर वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, त्यामुळे इथली निवड पाणीच ठरवते. ओला फोम उष्णता अडवत नाही. उघड्या गच्चीसाठी एक्सपीएसच घ्यावा. आधी उताराचा कोबा, त्यावर वॉटरप्रूफिंग, मग बोर्ड, वर जिओटेक्स्टाइलचे कापड आणि शेवटी जाळी घातलेले काँक्रीट किंवा फरशी, असा क्रम असतो. बोर्डाखाली राहिल्याने वॉटरप्रूफिंगचा थरही उन्हापासून वाचतो. बोर्डांचे सांधे विटांच्या बांधकामासारखे एकाआड एक यावेत. गरम डांबराने आणि पेट्रोल किंवा थिनर असलेल्या गोंदाने पॉलिस्टायरीन विरघळून खड्डे पडतात. काम बिघडते ते बहुतेक इथेच. ऊन थेट लागले तर बोर्डाचा पृष्ठभाग पिवळा पडून भुकटी होतो.

केंद्राच्या २०१८ च्या इको निवास संहितेनुसार छपराची उष्णतावहनाची मर्यादा दर चौरस मीटरला, दर अंशाला १.२ वॅट आहे. उघडा स्लॅब याच्या जवळपास तिप्पट उष्णता आत सोडतो. ५० मिलिमीटर एक्सपीएस घातल्यावर हा आकडा ०.६ च्या आसपास येतो. फोम खोली थंड मात्र करत नाही, उष्णता येण्याचा वेग कमी करतो. किनाऱ्याच्या दमट हवेत वारा खेळता हवाच.

हे सगळे फोम जळतात आणि विषारी धूर सोडतात. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरच्या २०१७ च्या आगीत ७२ जण गेले, तिथे बाहेरच्या ज्वालाग्राही पत्र्यांमागे फोमही होता. म्हणून खोलीच्या आत, छताला किंवा भिंतीला, बोर्ड उघडा ठेवू नये. त्यावर जिप्समचे किंवा प्लास्टरचे आवरण हवे आणि वायरिंग त्यातून नेताना पाइप घालावा.