शहरात जाताना फोनची राखण



उसाचे बिल आता बँक खात्यात जमा होते आणि ते खाते आपल्या खिशातल्या फोनला जोडलेले असते. दवाखाना, मुलांचे प्रवेश, मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमधील प्रशिक्षण अशा कामांसाठी आपले पुण्या-मुंबईस जाणे होते. तेथे फोन चोराच्या हाती लागला, तर नुसता फोन जात नाही. वर्षाचा ऊसही जाऊ शकतो.

गेल्या वर्षी पुण्यात बसमध्ये चढताना माझाच फोन गेला. कव्हरमध्ये एटीएम कार्डही होते. भाच्याच्या फोनवरून लगेच बँकेस कळविले, म्हणून पैसे वाचले. कार्ड फोनसोबत का ठेवू नये, हे मला त्या दिवशी समजले. कार्डावरचे शेवटचे सहा आकडे, त्याची मुदत आणि फोनवर येणारा ओटीपी यांच्या आधारे बऱ्याच बँकांचा यूपीआय पिन नव्याने ठरविता येतो. फोनला कुलूप असले तरी चोर सिमकार्ड काढून दुसऱ्या फोनमध्ये घालतो. मग ओटीपी त्यालाच येतो.

लागणीआधी आपण बेणेप्रक्रिया करतो, तशी तयारी घरून निघण्यापूर्वीच करावी :

१) कार्ड व फोन वेगळे ठेवा. पिन कोठेही लिहून ठेवू नका.

२) सिमकार्डाला पिन लावून घ्या. अंदाजाने आकडे दाबू नका. तीनदा चुकल्यास सिम अडकते. कंपनीच्या दुकानातून करून घ्यावे.

३) *#०६# दाबल्यावर दिसणारा १५ आकडी आयएमईआय क्रमांक घरी ऊस नोंदीच्या पावतीवर लिहून ठेवा.

शहरात गेल्यावर स्थानकावरील फुकट वायफायवर बँकेचा व्यवहार करू नका. स्थानकाचे नाव देऊन कोणीही तसले वायफाय चालू करू शकतो. चार्जिंगसाठी आपला चार्जर भिंतीतल्या साध्या प्लगला लावा. नुसती वायर खोचायच्या यूएसबी खाचेतून विजेबरोबर फोनमधील माहितीही जाऊ शकते. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या पुस्तिकेतही हा इशारा आहे. आणि पैसे घ्यायला पिन लागत नाही. पिन मागितला की समजा, पैसे आपल्याच खात्यातून जाणार.

एवढे करूनही फोन गेलाच, तर रडत बसू नका. दुसऱ्याच्या फोनवरून आधी बँकेस सांगून खाते व यूपीआय थांबवा, मग सिम बंद करा. पैसे गेले असतील तर ताबडतोब १९३० वर तक्रार द्या. जितका उशीर, तितके पैसे पुढे सरकतात. पोलिसांत तक्रार नोंदवून, तिच्या प्रतीच्या आधारे सरकारच्या ‘संचार साथी’वर तो फोनच बंद पाडता येतो.

कोणास अडचण वाटल्यास गट कार्यालयात यावे. आपला चिटबॉय सर्व दाखवील. पिन मात्र त्यालाही सांगू नका, आणि मलाही!

— ऊस विकास अधिकारी