चक्कर लपवू नका!

मैत्रिणींनो, दारावरची घंटा अचानक वाजली आणि घरातली धडधाकट मुलगी धाडकन खाली कोसळली, तर आपण काय करतो? कांदा हुंगवतो, ‘अशक्तपणा आहे’ म्हणतो, नाहीतर ‘फीट आली’ समजून गप्प बसतो. लग्नाची मुलगी ना! पण दचकल्यावर, पळताना किंवा पोहताना शुद्ध हरपत असेल, तर दोष हृदयाच्या ठोक्यातही असू शकतो, बरं का.

‘लाँग क्यूटी’ हा असाच एक आनुवंशिक विकार. यात प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाला पुढच्या ठोक्यासाठी सज्ज व्हायला जास्त वेळ लागतो. ठेका चुकला की हृदय नुसतं थरथरतं आणि मेंदूला रक्त मिळत नाही. पुष्कळदा ते आपोआप ताळ्यावर येतं. न आलं, तर जीवावर बेततं.

साध्या कार्डिओग्राममध्ये हा दोष बहुधा सापडतो. पुष्कळांना बीटा ब्लॉकर गोळ्या पुरतात. त्या मात्र चुकवायच्या नाहीत. धोका मोठा असेल, तर छातीच्या वरच्या भागात, कातडीखाली डिफिब्रिलेटर बसवतात. डॉ. मिशेल मिरोव्स्की यांच्या खटपटीतून १९८० साली अमेरिकेत बाल्टिमोरला तो पहिल्यांदा माणसाला बसवला गेला. ठेका बिघडला की तो आतूनच विजेचा झटका देतो. एकच झटका बसून बरं वाटलं, तर डॉक्टरांना कळवा. लागोपाठ बसले किंवा बरं वाटेना, तर तडक इस्पितळ गाठा.

मिक्सर, इस्त्री खुशाल वापरा. इंडक्शनच्या शेगडीपासून मात्र दोन फूट लांब राहा. मोबाइल सहा इंच दूर हवा. ब्लाउजमध्ये खोचायची सवय सोडा!

हा दोष आईकडून येतो, तसाच वडिलांकडूनही. प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता निम्मी. म्हणून एकीला निघाला, की आईवडील, भावंडं, मुलं, सगळ्यांचा कार्डिओग्राम काढाच. लग्न जमवताना लपवलंत, तर पुढे तिचीच पंचाईत. काही अँटिबायोटिक गोळ्या अशा रुग्णाला घातक ठरतात, शिवाय बाळंतपणानंतरचे महिने जोखमीचे. सासरी ठाऊकच नसेल, तर डॉक्टरांना सांगणार कोण?

तेव्हा पुढच्या खेपेला माहेरी जाल, तेव्हा आजीला, आत्याला जवळ बसून विचारा: आपल्यात तरुणपणी कोणी अचानक गेलं होतं का? पट्टीचं पोहणारं कोणी बुडालं होतं का? उत्तर ‘हो’ आलं, तर ते आधी डॉक्टरांच्या कानावर घाला.