कुत्र्याच्या पिलाचे दात केव्हां पडतात व केव्हां येतात

बैल विकत घेतांना त्याचे दात पाहिल्यावांचून कोणीहि जाणता शेतकरी विसार देत नाहीं. दुदाती, चौदाती, सहादाती, जुळलेला हे शब्द आमच्या वाचकांस लहानपणापासून ठाऊक असतात. परंतु ज्या कुत्र्याच्या भरंवशावर खळें व गोठा सोंपवून आपण रात्रीं निजतों, त्याच्या तोंडाकडे सहसा कोणी पाहत नाहीं. या हयगयीमुळें पिलाचे हाल होतात व क्वचित् घरच्या माणसाच्या जिवावरहि बेततें. म्हणून या विषयाची थोडक्यांत माहिती देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

पिलूं जन्मतें तेव्हां त्याच्या तोंडांत एकहि दात दिसत नाहीं. तिसऱ्या आठवड्यापासून दुधाचे दात हिरडीबाहेर येऊं लागतात व सुमारें दोन महिन्यांत ते पुरे होतात. त्यांची संख्या 28 असते. वरखालीं मिळून पुढचे दात 12, सुळे 4 व उपदाढा 12. मागच्या खऱ्या दाढा दुधाच्या दातांत नसतातच.

कायमचे दात 42 असतात. पुढचे 12 दात तिसऱ्या ते पांचव्या महिन्यांत बदलतात. चार सुळे पांचव्या-सहाव्या महिन्यांत येतात. उपदाढा 16, त्या चौथ्या ते सहाव्या महिन्यांत निघतात. दाढा वर 4 व खालीं 6 अशा 10 असून सातव्या महिन्याच्या अखेरीपर्यंत त्याहि पुऱ्या होतात. जातीप्रमाणें कांहीं आठवड्यांचा फरक पडतो. बैलास जुळावयास चार-पांच वर्षें लागतात; कुत्रें मात्र सात महिन्यांतच जुळतें. यावरून, तीन महिन्यांचें म्हणून आणलेल्या पिलाच्या तोंडांत कायमचे सुळे पुरे वाढलेले दिसले, तर त्याचें वय पांच महिन्यांहून कमी नाहीं असें खुशाल समजावें. सात महिन्यांनंतर मात्र दातांच्या झिजेवरून केवळ अंदाज बांधतां येतो.

नवा दात हिरडींत वाढूं लागला म्हणजे दुधाच्या दाताचें मूळ हळूहळू विरून जातें व वरचा भाग गळून पडतो. पुष्कळदां पिलूं तो गिळूनहि टाकतें. त्यानें अपाय होत नाहीं. कधीं कधीं दुधाचा सुळा न पडतां त्याच्या शेजारींच नवा सुळा येतो. लहान जातींत हें विशेष आढळतें. अशा वेळीं नवा सुळा वांकडा वाढतो. खालचा असल्यास टाळूस टोंचतो, आणि दोहोंच्या फटींत अन्न कुजतें. म्हणून सहाव्या महिन्यांत एकदां पशुवैद्यास दाखवावें. घरीं पकडीनें दात उपटूं नये; त्याचें मूळ लांब व बारीक असल्यानें तें आंत मोडतें.

या दिवसांत हिरड्या शिवशिवत असल्यानें पिलूं वहाणा, कासरा, दावें जें सांपडेल तें चावतें. त्यास मारून उपयोग नाहीं. जाड सुती दोराची गांठ किंवा ओला करून पिळलेला फडका चावावयास द्यावा. भाकरी दुधांत किंवा ताकांत भिजवून घालावी. शिजविलेलीं हाडें देऊं नयेत. त्यांच्या कांचा होऊन आंतडीं फाटतात. कीटकनाशकांचे डबे, उंदराचें विष व औषध चोळलेलें बीं यांपासून पिलास दूर ठेवावें.

आतां सर्वांत महत्त्वाची गोष्ट. दात येतांना पिलाची थोडी लाळ गळते व क्वचित् रक्ताचा ठिपका दिसतो. परंतु तें खातें, पितें, खेळतें. ज्याचा खालचा जबडा लोंबत आहे, लाळ सारखी वाहत आहे, गिळतां येत नाहीं व आवाज बदलला आहे, त्याच्या घशांत हाड अडकलें असें समजून कोणीहि तोंडांत हात घालूं नये. पिसाळण्याच्या रोगांतहि हेंच रूप दिसतें व तो रोग पिलांसहि होतो. असें जनावर दुरूनच कोंडावें व पशुवैद्यास बोलवावें. पिलाचे दात दुधाचे आहेत म्हणून त्याचा चावा निर्धोक ठरत नाहीं. कारण विष दातांत नसून लाळेंत असतें. चावा अगर दाताचा ओरखडा लागल्यास जखम साबणानें व वाहत्या पाण्यानें 15 मिनिटें धुवावी, हळद किंवा चुना भरूं नये, आणि त्याच दिवशीं दवाखान्यांत जाऊन लस टोंचून घ्यावी. लक्षणें एकदां उमटलीं म्हणजे रोगी वांचण्याची आशा बहुधा उरत नाहीं. लुई पाश्चर यांनीं 1885 सालीं माणसावर प्रथम ही लस वापरली; तेव्हांपासून वेळेवर घेतलेल्या लशीनें असंख्य जीव वांचले आहेत.

पिलास तिसरा महिना पुरा झाला म्हणजे पुढचे दात हलूं लागतात, आणि त्यास या रोगाची पहिली लस देण्याची वेळहि तीच असते. पुढें वर्षानें व नंतर पशुवैद्य सांगेल त्याप्रमाणें ती पुन्हां द्यावी. पिलाचा पहिला दात पडलेला दिसतांच लशीची आठवण करावी, एवढें आमच्या वाचकांनीं ध्यानांत ठेविलें तरी या लेखाचें सार्थक झालें असें आम्ही समजूं.