पांढुर्णा-सौंसर : काय पाहाल?

जिल्हा : छिंदवाड्यातून वेगळा होऊन ऑक्टोबर 2023 मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला, सौंसर त्याचाच तालुका. 1956 च्या राज्य पुनर्रचनेत नागपूर मुंबई राज्यात गेलं, हा भाग मध्य प्रदेशात राहिला. घराघरांतली मराठी मात्र टिकून आहे.

जाम नदी, पांढुर्णा : पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीपात्रात पळसाचं झाड रोवून त्यावर झेंडा लावतात. तो काढून आणण्यासाठी पांढुर्णा आणि सावरगावचे लोक समोरासमोर दगडफेक करतात. हीच गोटमार. झेंडा शेवटी चंडीमातेच्या देवळात अर्पण होतो. दरवर्षी माणसं जखमी होतात, जीवही गेले आहेत. म्हणून देऊळ आणि नदीकाठ एरवीच पाहावा.

जामसावळी : सौंसरजवळ, नागपूर-छिंदवाडा मार्गालगत. पिंपळाखाली आडवा पहुडलेला हनुमान. मंगळवारी, शनिवारी मोठी गर्दी.

मोहगाव हवेली : सौंसर तालुक्यात सर्पा नदीकाठी अर्धनारीश्वराचं जुनं शिवमंदिर. महाशिवरात्रीला यात्रा भरते.

देवगड : शेजारच्या छिंदवाडा जिल्ह्यात, मोहखेडकडे. गोंड राजांची राजधानी. गडावर नगारखाना आणि मोती टाकं आहे. इथल्याच बख्त बुलंद शाहने 1702 मध्ये नागपूर वसवलं.

कसं जाल : पांढुर्णा इटारसी-नागपूर लोहमार्गावर, सौंसर नागपूर-छिंदवाडा मार्गावर. गड चढायचा तर हिवाळा उत्तम. पाणी सोबत ठेवा आणि जुन्या भिंतींवर नावं कोरू नका.