मिस पॅक-मॅन

मिस पॅक-मॅन : नाणे टाकून खेळावयाच्या यंत्रावरील एक चक्रव्यूहप्रधान व्हिडिओ खेळ. जपानमधील नामको कंपनीच्या तोरू इवातानी यांनी १९८० मध्ये निर्माण केलेल्या ‘पॅक-मॅन’ या खेळाची ही उत्तरावृत्ती अमेरिकेत तयार झाली व मिडवे कंपनीने ती १९८२ मध्ये प्रसारात आणली. तिची एक लाखाहून अधिक यंत्रे विकली गेली.

दोन्ही खेळांचा गाभा एकच आहे. खेळाडू एका दांडीच्या साहाय्याने पिवळ्या वाटोळ्या पात्राला चक्रव्यूहाच्या मार्गिकांतून चार दिशांना फिरवितो व वाटेतील ठिपके खावयास लावतो. चार भुते त्याचा पाठलाग करतात. चार कोपऱ्यांकडील मोठ्या ठिपक्यांपैकी एक खाल्ला, की भुते काही क्षण निळी पडून पळू लागतात. त्या अवधीत त्यांना खाल्ल्यास अनुक्रमे २००, ४००, ८०० व १,६०० गुण मिळतात. सर्व ठिपके संपले, की पुढची फेरी सुरू होते. फेऱ्या वाढतात तसा निळेपणाचा अवधी सामान्यतः घटत जातो.

भुते चतुर वाटतात. पण त्यांच्या वर्तनामागे फार थोडे नियम आहेत. प्रत्येक भूत चक्रव्यूहातील एक घर लक्ष्य मानते. तांबडे (ब्लिंकी) खेळाडूच्या घराकडेच धावते. गुलाबी (पिंकी) त्याच्या तोंडापुढील चौथ्या घराकडे. निळसर (इंकी) आपले लक्ष्य खेळाडू व तांबडे भूत या दोघांच्या स्थानांवरून ठरविते. नारिंगी (मूळ खेळात क्लाइड, उत्तरावृत्तीत स्यू) आठ घरांहून दूर असताना पाठलाग करते व जवळ आले, की आपल्या कोपऱ्याकडे वळते. आट्यापाट्यांत पाटीवरचा गडी आपल्या पाटीपुरता व सूर आपल्या उभ्या रेषेपुरता बांधलेला असतो, तरी सर्वांच्या मिळून पकडीतून सुटणे अवघड जाते. तसाच हा प्रकार आहे.

चौकात आलेले भूत आलेल्या वाटेने मागे फिरत नाही. उरलेल्या वाटांपैकी जिचे पुढचे घर लक्ष्याला सरळ रेषेत सर्वांत जवळ, ती वाट ते धरते. लातूरच्या गंजगोलाईत, जेथे सोळा रस्ते एकत्र येतात, असे भूत सोडले तर ते पंधरा रस्त्यांची तुलना करील. खेळात ही निवड फार तर तिघांतून असते. रस्त्याची खरी लांबी मात्र ते मोजत नाही. नांदेडात गोदावरीच्या उत्तर तीरावरून दक्षिणेकडील सिडको वसाहतीकडे निघालेल्या माणसाने पुलाचा विचार न करता सरळ नदीकाठ गाठावा, तसे त्याचे होते. अनुभवी खेळाडू या उणिवेचा पुरेपूर लाभ घेतात.

मूळ खेळातील खरी अडचण वेगळीच होती. खेळाडूने त्याच क्षणी तीच वळणे घेतली, तर भुतेही प्रत्येक वेळी त्याच वाटांनी जात. निळ्या भुतांची दिशा वरवर यदृच्छ असली, तरी तिच्यामागील संख्यांचा क्रम प्रत्येक फेरीच्या आरंभी पुन्हा मुळापासून सुरू होई. त्यामुळे खेळाडूंनी ठराविक चाली पाठ केल्या. अशा चालींची पुस्तकेही निघाली. पाठांतर पक्के असणारा एका नाण्यावर तासन्‌तास खेळे आणि यंत्रमालकाची कमाई थांबे.

यावर उपाय मॅसॅचूसेट्समधील जनरल कंप्यूटर कॉर्पोरेशन या छोट्या कंपनीने काढला. जुन्या यंत्रांत बसवावयाचे सुधारणासंच ती बनवीत असे. ‘मिसाइल कमांड’ या खेळासाठीच्या तिच्या संचावरून अटारी कंपनीने १९८१ मध्ये दावा लावला व तो तडजोडीने मिटला. मूळ उत्पादकाच्या संमतीवाचून संच न विकण्याचे बंधन त्यात आल्यामुळे, पॅक-मॅनवर बेतलेला ‘क्रेझी ऑटो’ हा संच घेऊन कंपनीचे तरुण संस्थापक मिडवेकडे गेले. त्याचेच रूपांतर केसांत फीत बांधलेल्या मिस पॅक-मॅनमध्ये झाले.

सर्वांत महत्त्वाचा बदल पडद्यावर दिसतही नाही. फेरीच्या पहिल्या काही सेकंदांत तांबडे व गुलाबी भूत नियमाने न जाता यदृच्छया वळतात. पुढे नियम पूर्ववत लागू होतात. पण आरंभीची स्थिती दर वेळी निराळी झाल्याने पाठ केलेली चाल कोलमडते व खेळाडूला समोर पाहून निर्णय घ्यावा लागतो. एवढ्या अल्प यदृच्छतेने खेळाचे स्वरूप पालटावे, हे विशेष होय. एका चक्रव्यूहाऐवजी येथे चार आहेत : पहिला दोन फेऱ्या, दुसरा तीन, तिसरा व चौथा प्रत्येकी चार फेऱ्या टिकतो, चौदाव्या फेरीपासून शेवटचे दोन आलटून पालटून येतात. तिसरा वगळता सर्वांत बोगद्यांच्या दोन जोड्या आहेत. मूळ खेळात फळ एका जागी स्थिर असे. येथे ते बोगद्यातून येऊन उड्या मारीत फिरते व निघून जाते. चेरीचे १००, तर केळ्याचे ५,००० गुण मिळतात. केळ्याच्या मोहाने संपलेले डाव थोडे नसावेत.

पाठांतराला दाद न देण्याच्या गुणामुळे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या संशोधनातही हा खेळ कसोटी म्हणून वापरला गेला. २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या मालूबा या कॅनडातील गटाने अटारीच्या गृहयंत्रावरील आवृत्तीत ९,९९,९९० हे कमाल गुण मिळविले. त्या रचनेत दीडशेहून अधिक घटक होते. एकेका घटकाकडे एकच ठिपका, फळ किंवा भूत सोपविलेले असे. प्रत्येक घटक आपल्यापुरती दिशा सुचवी व त्या सूचनांचा मेळ घालून अंतिम दिशा ठरविली जाई.