दर पाचव्या दिवशी बर्ली

अमेरिकेतल्या व्यावसायिक बेसबॉलमध्ये एका संघाला मोसमात 162 सामने खेळावे लागतात. वसंतात सुरू झालेला खेळ ऑक्टोबर उजाडेपर्यंत जवळजवळ रोज चालतो. एवढ्या सामन्यांत एकाच माणसाने चेंडू टाकायचे म्हटलं तर त्याचा खांदा महिनाभरही टिकणार नाही. म्हणून प्रत्येक संघ साधारण पाच स्टार्टर बाळगतो. स्टार्टर म्हणजे पहिल्या चेंडूपासून सामना हाती घेणारा पिचर. त्याने शंभरेक चेंडू टाकायचे, मग चार दिवस हात शेकायचा आणि पाचव्या दिवशी पुन्हा माउंडवर, म्हणजे मैदानाच्या मधोमध असलेल्या त्या मातीच्या उंचवट्यावर, उभं राहायचं.

मार्क बर्ली या डावखुऱ्या पिचरने 2001 ते 2015 अशी सलग पंधरा वर्षं मोसमागणिक किमान 30 सामने असे सुरू केले. दुखापतग्रस्तांच्या यादीत त्याचं नाव एकदाही लागलं नाही. एका सामन्यात तीन-तीन गड्यांच्या नऊ इनिंग असतात आणि वर्षाला 200 इनिंग टाकणं ही स्टार्टरच्या चिवटपणाची जुनी कसोटी. बर्लीने ती सलग चौदा वर्षं पार केली. हे जमलेल्यांच्या यादीत साय यंग, वॉरन स्पान, ग्रेग मॅडक्स अशी मातब्बर नावं आहेत. 2024च्या मोसमात तर सगळ्या 30 संघांत मिळून 200 इनिंग गाठणारे चारच निघाले.

गंमत अशी की या माणसाला शाळेच्या संघानेही घेतलं नव्हतं. मिझुरीतल्या सेंट चार्ल्सचा हा मुलगा हायस्कूलमध्ये सलग दोन वर्षं निवडीत डावलला गेला. खेळ सोडायच्या बेतात असताना आईवडिलांनी त्याला पुन्हा मैदानावर धाडलं. पुढे एका छोट्या कॉलेजात खेळत असताना 1998 साली नव्या खेळाडूंच्या निवडीत शिकागो व्हाइट सॉक्स या संघाने त्याला घेतलं, तेही 38व्या फेरीत. तोवर हजाराहून जास्त मुलांची नावं पुकारून झाली होती.

त्याला मी पाहू लागले ती शिकायला शिकागोत आल्यावर. इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचा कॅम्पस आणि व्हाइट सॉक्सचं मैदान यांच्यामध्ये फक्त डॅन रायन एक्स्प्रेसवे आहे. फटका कुंपणापार गेला, म्हणजे होम रन झाला, की स्कोअरबोर्डवरून आतषबाजी होते, आणि ती अभ्यासाच्या टेबलापर्यंत ऐकू येते. मैत्रिणींना वेगाचं वेड. नव्वद-पंच्याण्णव मैलांच्या चेंडूवर त्या उभ्या राहून ओरडत. बर्लीचा चेंडू यायचा पंच्याऐंशी मैलांच्या आसपास, म्हणजे ताशी 137 किलोमीटर. त्या दर्जाच्या खेळात हा वेग संथच. मी मात्र नाशिकची. डावखुऱ्या बापू नाडकर्णींनी 1964 साली मद्रासला इंग्लंडविरुद्ध सलग 21 षटकं निर्धाव टाकली, हे घरात ऐकतच मोठी झाले. अचूक टप्पा वेगाला भारी पडू शकतो, हे मला कुणी पटवून द्यावं लागलं नाही.

बर्लीचं तंत्र जवळून पाहावं असं आहे. कॅचरकडून, म्हणजे फलंदाजामागे बसून चेंडू झेलणाऱ्याकडून, चेंडू परत आला की तो माउंडवर रेंगाळत नसे, टोपी नीट करत नसे, श्वास घेत आकाशाकडे बघत नसे. कॅचर खूण करी आणि हा टाकी. खूण नाकारणं त्याला जवळपास ठाऊकच नव्हतं. नेहमीचा कॅचर ए. जे. पिअरझिन्स्की सांगेल तो चेंडू, सांगेल त्या कोपऱ्यावर. फलंदाजाला तो चकवायला जात नसे, मारू देई. पण बॅटच्या मधोमध चेंडू लागू देत नसे. मग कमकुवत फटका जमिनीवरून घरंगळत शॉर्टस्टॉप या जवळच्या क्षेत्ररक्षकाकडे जाई, आणि तीन-चार चेंडूंत एक बाद. एप्रिल 2005मध्ये सिअ‍ॅटलविरुद्धचा सामना त्याने 99 मिनिटांत संपवला. एरवी त्या काळी पावणेतीन तास लागत. सिअ‍ॅटलचे फलंदाज फटका मारून बेसवर (धाव घेताना गाठायच्या टप्प्यावर) पोहोचले ते तीनदाच, आणि तिन्ही वेळा इचिरो सुझुकीच.

तो टिकला कसा, याचं उत्तर मला इथेच दिसतं. पिचरच्या कोपराच्या आतल्या बाजूला एक लहानसा अस्थिबंध असतो, पूर्ण ताकदीने चेंडू फेकताना मोठा ताण त्याच्यावर येतो. 1974 साली डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन या पिचरच्या उजव्या हातातला स्नायुरज्जू काढून डाव्या कोपरात बसवला, आणि तेव्हापासून ती शस्त्रक्रिया टॉमी जॉनच्याच नावाने ओळखली जाते. आज शेकडो पिचरांच्या कोपरावर तिचा व्रण आहे. बर्लीच्या नाही. जन्मतः मिळालेल्या शरीराचा वाटा असेलच, पण जो माणूस प्रत्येक चेंडूला जीव तोडून हात झोकत नाही त्याचा हातही जास्त दिवस साथ देतो, असं मला वाटतं.

यावरून तो नुसता कामसू गडी होता असं कुणी समजू नये. 2005च्या वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे अजिंक्यपदाच्या अंतिम मालिकेत, दुसरा सामना त्यानेच सुरू केला. ह्यूस्टनमधला तिसरा सामना चौदाव्या इनिंगपर्यंत लांबला, तेव्हा अखेरचा गडी बाद करायलाही तोच आला. व्हाइट सॉक्सने 1917नंतर प्रथमच अजिंक्यपद मिळवलं. 2007 साली टेक्सासविरुद्ध त्याने एकालाही फटका मारून बेस गाठू दिला नाही. सॅमी सोसाला त्याने चार वाईट चेंडूंवर फुकट बेस दिला आणि लगेच वळून पहिल्या बेसपासून पुढे सरकलेल्या त्यालाही चेंडू फेकून टिपलं.

आणि 23 जुलै 2009. टॅम्पा बेविरुद्ध 27 फलंदाज आले आणि 27 परत गेले, बेसवर कुणीही पोहोचला नाही. असा परफेक्ट गेम प्रमुख लीगच्या इतिहासात तोवर फक्त सतरा वेळा झाला होता. नवव्या इनिंगच्या सुरुवातीला गेब कॅपलरने चेंडू डाव्या-मध्य कुंपणापार धाडलाच होता. खास क्षेत्ररक्षणासाठी त्याच इनिंगला आत आलेला ड्वेन वाइज पळत गेला, कुंपणावर उडी मारून त्याने चेंडू ग्लोव्हात घेतला. खाली येताना तो निसटला आणि त्याने मोकळ्या हाताने धरला. त्या दिवशी पिअरझिन्स्कीही नव्हता. कॅचर होता रॅमॉन कॅस्ट्रो, बर्लीचे चेंडू पहिल्यांदाच झेलणारा. तरीही बर्लीने खुणा मुकाट मानल्या.

नंतर एक वर्ष मायामी, तीन वर्षं टोरांटो. 2015च्या मोसमातल्या शेवटच्या शुक्रवारी त्याच्या 198 इनिंग झाल्या. पंधराव्यांदा 200 गाठायला दोन हव्या होत्या. टोरांटोचं बाद फेरीतलं स्थान पक्कं होतं, म्हणून मध्ये एकच दिवस विश्रांती घेऊन रविवारी तो पुन्हा माउंडवर आला. क्षेत्ररक्षणात चूक झाली, फटक्यांची रांग लागली, आठ धावा गेल्या. दोन गडी बाद करून त्याला बाहेर यावं लागलं. आकडा 198⅔वर थांबला. सहकाऱ्यांनी एकेक करून त्याला मिठी मारली. तो त्याचा शेवटचा सामना.

व्हाइट सॉक्सने त्याचा 56 क्रमांक 2017 साली निवृत्त केला, 2025मध्ये मैदानात त्याचा पुतळाही उभारला. बेसबॉलमधल्या थोरांच्या हॉल ऑफ फेमची दारं मात्र बंद आहेत. तिथे निवडून यायला बेसबॉल पत्रकारांची 75 टक्के मतं लागतात. 2021 साली, पहिल्या वर्षी, त्याला 11 टक्के मिळाली. 214 विजय, 3283 इनिंग, क्षेत्ररक्षणाचे चार गोल्ड ग्लोव्ह. पण 1870 स्ट्राइकआउट, म्हणजे चेंडू हुकवून घेतलेले बळी, हा आकडा मतदारांना तोकडा वाटतो. मला हा हिशेब मान्य नाही. चेंडू हुकवून बाद केलेला फलंदाज आणि शॉर्टस्टॉपच्या हाती मारायला लावलेला फलंदाज, दोघेही सारखेच बाद. शिवाय बर्ली ज्या दिवशी खेळे, त्या दिवशी संघाच्या राखीव पिचरांना विश्रांती मिळे. त्याची नोंद आकडेवारीच्या कुठल्या रकान्यात करायची? दरवर्षी किमान पाच टक्के मतं मिळत राहिली, तर 2030पर्यंत त्याचं नाव मतपत्रिकेवर राहू शकतं. मतदारांनी तोवर त्याचे जुने सामने पुन्हा पाहावेत. दोन तासांच्या आत एखादा पाहून होतो.