स्वादुपिंडाचा कॅन्सर : केमो लागू पडते की नाही, हे एम.आर.आय. सांगेल काय?

मधुमेह हा शब्द आता आपल्या वस्तीत घरोघरी माहीत झाला आहे. परमपूज्य बाबासाहेबांच्या देहाला याच व्याधीने शेवटची कित्येक वर्षे पोखरले, हे आपण सारे जाणतो. पण या व्याधीचा ज्या अवयवाशी संबंध आहे, त्या स्वादुपिंडाची ओळख फार थोड्यांना असते. जठराच्या मागे आडवी असलेली ही सुमारे अर्धा फूट लांबीची ग्रंथी इन्सुलिन बनविते आणि अन्न पचविणारा रसही बनविते. या ग्रंथीला कॅन्सर झाला तर केमोथेरपी लागू पडते आहे की नाही, हे एम.आर.आय. यंत्राने लवकर कळावे, यासाठी जगभर संशोधन चालू आहे. जळगाव-धुळ्याच्या आपल्या कष्टकरी कुटुंबांना ते साध्या भाषेत कळावे, एवढ्याचसाठी हा लेखनप्रपंच.

लपून बसणारा रोग

हा कॅन्सर पोटात खोलवर असल्यामुळे लवकर हाताला लागत नाही. भूक मंदावते, वजन उतरते, पोटातले दुखणे पाठीपर्यंत जाते. आपण म्हणतो, पित्त झाले असेल. पन्नाशीनंतर अचानक साखर वाढली आणि सोबत वजनही उतरू लागले, तर तीसुद्धा एक खूण असू शकते. गाठ पित्तनळीवर दाबली की डोळे पिवळे होतात, लघवी गडद होते, अंगाला खाज सुटते, आणि पुष्कळदा पोट मुळीच दुखत नाही. अशा वेळी आपल्या भागात काय होते? गळ्यात काविळीची माळ पडते, नाहीतर कावीळ उतरविणाऱ्याकडे खेपा सुरू होतात. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात ही माळ आली कशी, हा प्रश्न आपण स्वतःला विचारला पाहिजे. माळ वाढत जाते म्हणून कावीळ उतरत नसते. गाठ मात्र तेवढ्या दिवसांत वाढते.

रोगाचे निदान होते तेव्हा शंभरातील जेमतेम १५ ते २० रुग्णांचीच शस्त्रक्रिया शक्य असते. अमेरिकेसारख्या धनाढ्य देशातही निदानानंतर पाच वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण शंभरात १३ च्या आसपास आहे. गोव्याचे मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर यांच्यावर मुंबई, अमेरिका आणि दिल्ली येथे उपचार झाले, तरी १७ मार्च २०१९ रोजी याच रोगाने त्यांचे निधन झाले. तेव्हा हा रोग गरीब-श्रीमंत पाहत नाही. पण रोगाशी झुंजताना गरिबाच्या हाती वेळही थोडा असतो आणि पैसाही थोडा, हे खरे.

केमोचा हिशेब

शस्त्रक्रिया शक्य नसेल तेथे केमोथेरपीचाच आधार असतो. फ्रान्समधील एका मोठ्या अभ्यासाचा निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. रोग शरीरात पसरलेल्या रुग्णांना जुने एकच औषध दिले तेव्हा सरासरी आयुष्य ६.८ महिने भरले, आणि चार औषधे एकत्र दिली तेव्हा ११.१ महिने. वाढलेले हे चार महिने मोलाचेच आहेत. परंतु उलट्या, जुलाब, हातापायांना मुंग्या, पांढऱ्या पेशी घटणे, हा त्रासही चार औषधांत जास्त. शिवाय औषध सर्वांनाच लागू पडते असे नाही.

ते लागू पडले की नाही, हे साधारणपणे दोन-तीन महिन्यांनी सी.टी. स्कॅन करून गाठ किती लहान झाली यावरून ठरते. सोबत रक्तातील सी.ए. १९-९ ची तपासणी असते. आता घरचा हिशेब मांडून पहा. औषध लागू पडत नसेल तर रुग्णाचे दोन-तीन महिने वाया गेले, अंगातली उरलीसुरली ताकद गेली, सोबत जाणाऱ्याची मजुरी बुडाली, आणि दुसरे औषध देण्याची संधी हुकली. हेच दोन-तीन आठवड्यांत कळले तर? संशोधक शोधत आहेत ते याचे उत्तर.

यंत्र पाहते तरी काय?

सी.टी. स्कॅनमध्ये क्ष-किरण असतात. एम.आर.आय. मध्ये ते नसून मोठे चुंबक व रेडिओ लहरी असतात. गाठीचा आकार बदलण्याआधी गाठीच्या आतला बदल हे यंत्र दोन रीतींनी टिपू शकते.

पहिली रीत पाण्याच्या हालचालीची. ६ डिसेंबरला चैत्यभूमीकडे जाणाऱ्या रांगेत पाऊल टाकायला जागा नसते, आणि गर्दी ओसरली की माणूस मोकळा चालतो. तसेच शरीरातील पाण्याच्या कणांचे. कॅन्सरच्या पेशी दाटीवाटीने असतील तर पाण्याचे कण अडकतात. औषधाने पेशी मरू लागल्या की कण मोकळे फिरू लागतात. हा फरक यंत्र आकड्यात दाखविते.

दुसरी रीत रक्तपुरवठ्याची. केळीच्या बागेत ठिबकची नळी तुंबली, तर टाकीत कितीही खत घाला, ते झाडाच्या मुळाशी पोहोचत नाही. स्वादुपिंडाच्या गाठीभोवती तंतूंचे घट्ट जाळे असते, रक्त कमी खेळते, म्हणून औषधही कमी पोहोचते. शिरेतून एक द्रव्य सोडून ते गाठीत किती व किती वेगाने शिरते, हे एम.आर.आय. ने मोजता येते.

अडचण अशी की एका यंत्राचा आकडा दुसऱ्या यंत्राशी जुळतोच असे नाही. त्यावर अमेरिकेत बर्मिंगहॅम येथील अलाबामा विद्यापीठात उपाय शोधला गेला. रुग्णासोबत यंत्रात ठेवायचे एक छोटे उपकरण तेथे तयार झाले. दुकानात काटा तपासायला प्रमाणित वजन वापरतात, तसेच हे. ज्या बर्मिंगहॅममध्ये १९६३ साली समतेचा लढा देणाऱ्या मार्टिन ल्यूथर किंग यांना तुरुंगात टाकले गेले, तेच हे शहर.

मात्र या विषयावरील बहुतेक अभ्यास थोड्या रुग्णांवर झालेले आहेत, आणि त्यांचे निष्कर्ष सगळीकडे सारखे नाहीत. म्हणून केवळ या आकड्यावरून उपचार ठरविण्याची पद्धत अजून सर्वत्र रूढ झालेली नाही. कोणी "हा स्कॅन केला की केमोचे भविष्य कळते" असे सांगून पैसे मागत असेल, तर सावध रहा. दागिना मोडण्यापूर्वी किंवा कर्ज काढण्यापूर्वी कॅन्सरतज्ज्ञाला विचारा : या तपासणीने उपचारात काय बदल होणार? आणि आकडा पाहून मनाने केमो बंद करू नका.

आज आपल्या हाती काय?

पिवळे डोळे दिसताच धुळ्याच्या किंवा जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय गाठा. एम.आर.आय. सांगितली तर अंगात लोखंडी सळई, पेसमेकर किंवा पित्तनळीत बसविलेली नळी असल्यास आधीच सांगा. मूत्रपिंडाचा त्रास असेल तोही सांगा. जुन्या फिल्म व रिपोर्ट तारखेप्रमाणे एकाच पिशवीत ठेवा. आधीचे चित्र असेल तरच डॉक्टरांना तुलना करता येते.

महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने आज ओळखली जाणारी जनआरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी वेगळ्या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत आपला धुळे जिल्हा होता. आता तिच्यात कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. केमोथेरपी तिच्यात येते. कोणती तपासणी बसते, हे रुग्णालयातील आरोग्यमित्राला विचारा. परळच्या टाटा हॉस्पिटलला जावे लागले, तर रुग्णालयाच्या प्रमाणपत्रावर कॅन्सर रुग्णाला रेल्वेच्या स्लीपर डब्यात भाडे नाही, आणि सोबत्याला ७५ टक्के सवलत आहे. राहण्यासाठी दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे. रोग्यांच्या नातेवाइकांचे हाल पाहून त्यांच्यासाठी निवारे उभारणाऱ्या बाबांचे हे ऋण आपण विसरू नये.

तथागतांनी स्वतःला मोक्षदाता म्हणवून घेतले नाही, तर मार्गदाता म्हटले. एम.आर.आय. यंत्राकडेही याच दृष्टीने पाहावे. ते रोग बरा करणार नाही. उद्या ते वाट दाखवू शकेल, आणि वाट वेळेवर दिसली तर एखाद्या माउलीच्या वाट्याला आणखी काही बरे महिने येतील. तोवर दर पौर्णिमेला विहारात जमणाऱ्या आपण सर्वांनी या लेखातली काविळीची खूण तरी एकमेकांना सांगावी. तेवढ्याने एखादे घर वेळेत दवाखान्यात पोहोचेल.

जयभीम!